ब्लेड बटणावर उचलायचंय? आधी काटा लावा

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बागायतदार भाऊंचा आहे. थोडक्यात असा: एका हॉटेलच्या लॉनवर चालणारा, बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर त्यांनी सेकंडहँड घेतला. पेट्रोल इंजिन, १८ एचपी. पुढे चार फुटी ब्लेड, उजव्या हाताच्या दांड्यानं वर-खाली होणारं. कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, उतरणारी मातीची वाट सारखी करायची, शेणखत आणि पालापाचोळा ढकलायचा, काजू पडायला लागायच्या आधी भाट, म्हणजे काजूची बाग, साफ करायचं, अशी कामं. दिवसभर दांडा ओढून ओढून उजवा खांदा धरला, डॉक्टरांनी दांडा बंद करायला सांगितला. आता विचारतात: हायड्रॉलिक बसवू, विंच बसवू की तो इलेक्ट्रिक जॅक? किती ताकदीचा घेऊ? बॅटरी पुरेल का? गावातल्या वेल्डरला जमेल का?

जमेल. वेल्डर, एक ड्रिल मशीन आणि दोन रविवार एवढ्यात होतं. पण तुम्ही मोटरबद्दल चार प्रश्न विचारलेत, आणि ब्लेड जमिनीवर असताना त्याचं काय करायचं याबद्दल एकही नाही. ही कामं बिघडतात ती बहुतेक तिथेच. त्यावर खाली सविस्तर लिहितो, आधी तुमच्या तीन पर्यायांतले दोन बाजूला काढू.

मी मूळचा हायड्रॉलिकचा माणूस. खाणी जोरात होत्या तेव्हा एक्स्कॅव्हेटर आणि डंपरच्या सिलिंडरांचे सील बदलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या हलल्या, २०१८ ला परत थांबल्या, तेव्हा घराच्या मागे शेड टाकून हे छोट्या यंत्रांचं काम सुरू केलं. त्यामुळे माझ्याकडून हायड्रॉलिकचीच शिफारस येईल असं लोकांना वाटतं. मी उलटंच सांगतो. दोन इंची बोअरच्या सिलिंडरला १०० बार दाब दिला की दोन टनांच्या आसपास जोर मिळतो. तुमच्या ब्लेडला लागतो दीडशे किलोचा. त्यासाठी पंप, टाकी, व्हॉल्व्ह, फिल्टर आणि चार होज कुठे बसवणार? इंजिनाच्या पुलीवरून पंप फिरवायचा तर बॉनेटखाली तेवढी जागा नसते. बारा व्होल्टचा तयार पॉवर पॅक, म्हणजे टेम्पोच्या मागचं फळकूट उचलायला लावतात तो, १०० अँपिअरच्या घरात करंट ओढतो. तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी त्यापुढे खेळण्यातली.

आणि तुमच्यासाठी एक खास कारण आहे. कुळागर म्हणजे पाटाचं पाणी. वरच्या खणातलं पाणी खालच्या खणात, तिथून शेजाऱ्याच्या बागेत. होजच्या नटातून तेलाचे थेंब सुरू झाले की संध्याकाळपर्यंत पाटावर रंगीत तवंग दिसतो आणि खालचे बागायतदार वर चालत येतात. मी हे पाहिलंय, आणि ते तेल माझ्याच जोडणीतलं होतं. (तुमच्याकडे महिंद्रा युवराजसारखा शेतीचा छोटा ट्रॅक्टर असता तर गोष्ट वेगळी. त्याला मागे कंपनीचीच हायड्रॉलिक लिफ्ट येते. आणि तुमच्या ट्रॅक्टरचा गिअर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर त्यातलं तेल वापरून काही उचलता येईल का, हा विचार मनात आला तरी झटकून टाका.)

विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या मोटरचा, मोह जास्त होतो, कारण ती स्वस्तात मिळते आणि बसवायला तासभर लागतो. वाळपईकडच्या एका गिऱ्हाइकाला मीच बसवून दिली होती. दोन महिने खूश. मग एक दिवस त्याच्या मुलानं ब्लेड वर टेकल्यावरही बटण सोडलं नाही. विंचला कुठे थांबायचं ते कळत नाही. तिनं माझा ५ मि.मी.च्या पट्टीचा ब्रॅकेट वाकवला, बॉनेटच्या जाळीला पोचा पाडला आणि शेवटी दोर तुटला. तार नव्हती, सिंथेटिक दोर होता म्हणून निभावलं. शिवाय विंच फक्त वर ओढते. खाली यायचं ते ब्लेडच्या वजनानं. पावसाळ्यानंतर घट्ट झालेली माती खरवडायची तर ब्लेड खाली दाबून धरावं लागतं, ते विंचला जमत नाही.

राहिला इलेक्ट्रिक जॅक, दुकानात लिनिअर अ‍ॅक्च्युएटर म्हणून मागायचा. बारा व्होल्टची मोटर, गिअर आणि आत लांब स्क्रू. मोटर फिरली की रॉड बाहेर येतो, उलटी फिरली की आत जातो, दोन्ही टोकांना आतच लिमिट स्विच असतो, टोक आलं की मोटर बंद करणारा. बटण सोडलं की आहे तिथे थांबतो, कारण स्क्रूचे आटे वजनानं उलटे फिरत नाहीत. मात्र घेताना साधा आट्याचा स्क्रू आहे ना, एवढं विचारून घ्या. बॉल स्क्रूवाला, म्हणजे आट्यांत छर्रे फिरणारा, चपळ असतो, पण ब्रेक नसेल तर वजनानं हळूहळू खाली सरकतो.

आता ताकद. इथे अंदाज चालवू नका. "ब्लेड चाळीस किलोचं आहे, म्हणजे पन्नास किलोचा जॅक पुरेल," हे गणित मी इतक्यांदा ऐकलंय. ब्लेडचं वजन किती यापेक्षा तुम्ही जिथे जॅक जोडणार तिथे किती जोर लागतो, ते महत्त्वाचं. ते मोजायला नारळ-सुपारीची पोती तोलतात तो हुकाचा काटा पुरतो. डिजिटल असला तर उत्तम.

इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा. ब्लेडवर नेहमी असते तेवढी ओली माती असू द्या, धुऊन चकचकीत करून मोजू नका. दांड्याचा खटका दातातून सोडवा. काट्याचा हुक दांड्याच्या मुठीत अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. तुमचा खांदा दुखतो, तेव्हा ओढायला घरातला दुसरा माणूस घ्या, तुम्ही आकडा वाचा. ब्लेड जमिनीवरून सुटतं त्या क्षणाचा, मधला आणि अगदी वरचा, असे तीन आकडे लिहून ठेवा. त्यातला मोठा तो आपला. मग टेपनं मुठीपासून दांड्याच्या पिवटपर्यंतचं, म्हणजे दांडा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपर्यंतचं, अंतर मोजा.

समजा मोठा आकडा २२ किलो आला आणि अंतर ६० सें.मी. निघालं. दोन्हींचा गुणाकार १३२०. आता जॅक पिवटपासून १० सें.मी.वर जोडला तर १३२० भागिले १० म्हणजे १३२ किलोचा जोर लागेल. १५ सें.मी.वर जोडला तर ८८. हा जोर जॅक पट्टीशी (दांड्याला पिवटपाशी लावायची, जॅक जिला जोडायचा ती लोखंडी पट्टी) काटकोनात असतानाचा. दांडा एकूण ६० अंश फिरतो असं धरलं तर दोन्ही टोकांना जॅक ३० अंश तिरका पडतो आणि तिथे जोर वाढतो. ०.८६६ नं भागा: १३२ चे १५२ होतात, ८८ चे १०२. त्यावर दुप्पट धरायचं, कारण गंजलेला बुश, चिकटलेली माती आणि मधेच दगडाखाली अडकलेलं टोक हे काट्यावर दिसत नाही. म्हणजे १० सें.मी.वर ३०० किलो, १५ सें.मी.वर २०० किलो. जॅकवर ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. एक किलोला साधारण दहा न्यूटन धरा. तीनशे किलो म्हणजे ३००० न्यूटनचा जॅक.

मग १५ सें.मी.वरच का जोडू नये, जोर कमी लागतो ना? कारण ६० अंश फिरताना पट्टीवरच्या त्या भोकाला जेवढं त्याचं पिवटपासूनचं अंतर तेवढंच चालावं लागतं. १५ वर १५ सें.मी. स्ट्रोक, म्हणजे रॉडची सरक, १० वर १०. आणि ३००० न्यूटनचे बाजारातले जॅक सेकंदाला १० ते १२ मि.मी. एवढेच सरकतात. १२ धरले तर १५ सें.मी.ला साडेबारा सेकंद, १० सें.मी.ला आठ. कागदावर फरक फार वाटत नाही. ट्रॅक्टरवर बसून, पुढे माड आलेला असताना, ते चार सेकंद फार लांब वाटतात. शिवाय १५ सें.मी. खाली लोंबणारी पट्टी वाटेतल्या चिऱ्याला लागते ती वेगळीच. मी तुमच्या जागी १० सें.मी. धरीन. पण पट्टीवर १०, १२.५ आणि १५ अशी तीन भोकं पाडून ठेवा. चार दिवस काम केल्यावर पिन कुठे असावी ते तुम्हाला कळेलच. वेल्डर एकदाच घरी येतो.

घाई आहे म्हणून जास्त वेगाचा जॅक मागायला जाल तर दुकानदार देईल. मोटर बहुधा तीच असते, फक्त गिअर बदललेला. वेग दुप्पट म्हणजे ताकद निम्मी.

आता जिथे थांबायचं म्हटलं होतं तिथे येऊ.

हाताच्या दांड्याला एक गुण असतो, तो आपल्या लक्षातही येत नाही. खटका सोडलेला असला की ब्लेड मोकळं असतं. जमीन उंचावली की वर जातं, खड्डा आला की खाली बसतं. जॅक सरळ पिननं जोडलात की हा मोकळेपणा संपला. ब्लेड जॅकनं ठरवलेल्या उंचीवर ताठ राहतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की ब्लेड हवेत, चाक खड्ड्यात गेलं की ब्लेड मातीत रुततं आणि ट्रॅक्टरचं सगळं पुढचं वजन त्या बोटाएवढ्या रॉडवर येतं. आपल्याकडे जमीन जांभ्याची. वर दोन इंच मऊ माती आणि खाली कधी चिरा निघेल सांगता येत नाही. पहिला जॅक मी असाच सरळ पिननं बसवला होता. तिसऱ्या दिवशी रॉड केळ्यासारखा वाकलेला परत आला, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "मेस्त, तुमचा जॅक हलका निघाला." हलका नव्हता. बांधून घातला होता.

उपाय साधा आहे. रॉडच्या टोकाला दोन गाल लावायचे, ६ मि.मी. जाडीच्या पट्टीचे, आणि त्यांत गोल भोकाऐवजी ४ सें.मी. लांबीचा गाळा पाडायचा. पट्टीची पिन त्या गाळ्यात सरकते. बटण दाबून ठेवलं की गाळ्याचं एक टोक पिनला ढकलतं आणि ब्लेड उचललं जातं. खाली सोडताना ब्लेड जमिनीला टेकतं, तरी तुम्ही बटण दाबूनच ठेवायचं. पिन जागेवर, गाळा मागे सरकतोय. पिन साधारण मध्यावर आली की सोडा. आता ब्लेडला दोन्ही बाजूंना २ सें.मी. मोकळीक आहे, पट्टीपाशी दोन, ब्लेडपाशी त्याहून बरीच जास्त. आणि माती खरवडायला दाब हवा असेल तर बटण आणखी दाबायचं, गाळ्याचं दुसरं टोक पिनला लागतं आणि ब्लेड खाली दाबलं जातं. एकाच गाळ्यात उचलणं, मोकळं सोडणं आणि दाबणं अशी तिन्ही कामं होतात. दाबताना मात्र पुढची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत दाबू नका. ३००० न्यूटनला ते जमतं.

गाळा पाडायचा कसा? दोन टोकांना, मध्यापासून मध्यापर्यंत ४ सें.मी. ठेवून, १२ मि.मी.ची दोन भोकं ड्रिल करा, मधलं ग्राइंडरनं कापा, कानशीनं कडा साफ करा. गॅस कटरनं कापू नका, कडा खडबडीत राहतात आणि पिन अडकते. दोन्ही गाल एकत्र टाचून एकदमच पाडा, म्हणजे गाळे एका रेषेत येतील.

स्ट्रोकचा हिशेब आता पूर्ण होतो: उचलायला १० सें.मी., गाळ्याचे ४, एकूण १४. म्हणून १५० मि.मी. स्ट्रोकचा जॅक. उरलेला एक सेंटिमीटर हाताशी ठेवायचा, कारण आतला लिमिट स्विच लागायच्या आधी ब्लेडची चौकट कुठे टेकत असेल तर मोटर दर वेळी अडून जळेल. १५ सें.मी.चं भोक वापरायचं ठरलं तर १९ लागतील, तेव्हा २०० चा घ्या. उघडझाप मोजण्याआधी जॅक विकत आणणारे खूप भेटतात. मग ब्रॅकेट कुठेतरी वेडावाकडा लावावा लागतो.

जॅकची दिशा ठरवताना एक गोष्ट बघा. ट्रॅक्टर उभा करताना ब्लेड नेहमी जमिनीवर टेकवून ठेवायचं असतं. तेव्हा आणि काम करताना रॉड आत असला की त्यावर माती उडत नाही, गंज चढत नाही. म्हणजे उचलताना जॅकनं ढकलायला हवं, ओढायला नको. दांडा मागे ओढला की पिवटच्या खालचं टोक पुढे जातं. म्हणून पट्टी पिवटच्या खाली काढा आणि जॅक तिच्या मागे, पायरीच्या आतल्या बाजूला, असा तिरका लावा की मोटर वर आणि रॉड पुढे खाली येईल. रॉड खाली असणं पावसासाठीही हवं, ते पुढे सांगतो.

दोन्ही टोकांना पिनच हवी. जॅकची मागची बाजू बोल्टनं आवळून पक्की केलीत तर पट्टी गोलात फिरताना रॉडला बाजूनं ताण येतो आणि सील जातं. पिनवर गाल दोन्ही अंगांना एक-दीड मि.मी. सैल असू द्या. बोल्ट वापरत असाल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा), आणि घट्ट आवळून न टाकता फिरण्याइतका सैल. मागचा ब्रॅकेट ट्रॅक्टरच्या चॅसिसला वेल्ड करायचा मोह टाळा. या छोट्या ट्रॅक्टरची चॅसिस म्हणजे दुमडलेला पत्रा, वेल्डिंगच्या कडेनंच पुढे फाटतो. ६ मि.मी.चं प्लेट आतून, ६ मि.मी.चं बाहेरून, मधे पत्रा, चार बोल्ट. कुठे वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा. चार्जिंगचा रेग्युलेटर असाच जाळलेला एक ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये गेल्या चवथीच्या आधीपासून पार्टची वाट बघतोय.

जुन्या दांड्याचं काय? खटका आणि त्याचे दात काढून टाका, नाहीतर एक दिवस खटका दातात बसलेला असताना बटण दाबलं जाईल आणि जॅक स्वतःशीच कुस्ती खेळेल. दांडा मात्र फेकू नका. पिवटच्या वर चार बोटं ठेवून कापा आणि उरलेला पाइप त्यावर घालता येईल असा ठेवा. त्याचं काम शेवटी सांगतो. उचलायला मदत करणारी स्प्रिंग असेल तर तीही राहू द्या, तिच्यामुळे जॅकचं काम हलकं होतं. तुम्ही काट्यानं मोजलेला आकडा त्या स्प्रिंगसकटचाच आहे. फक्त ब्लेड काढून ठेवताना सांभाळा. वजन नसताना ती स्प्रिंग दांडा फाडकन वर फेकते.

बॅटरीची चिंता सोडा. पूर्ण ताकदीला, सेकंदाला १२ मि.मी.नं, ३००० न्यूटन ढकलायला ३६ वॉट लागतात. स्क्रू आणि गिअरमध्ये पाऊण ऊर्जा घर्षणात जाते, म्हणून बॅटरीतून १४४ वॉट, म्हणजे १२ अँपिअर. रोजच्या निम्म्या भाराला सहा-सात. चला, दहा धरू, बारा सेकंद. दहा गुणिले बारा, १२०. आता स्टार्टर बघा: १५० अँपिअर, तीन सेकंद, ४५०. एकदा इंजिन सुरू करायला जेवढी वीज जाते तेवढ्यात जवळजवळ चार वेळा ब्लेड उचलून होतं. साठ वेळा उचललं तरी २ अँपिअर-तास, आणि इंजिन चालू असताना ते भरूनही निघतं. बॅटरी बसते ती इंजिन बंद ठेवून मुलं बटणाशी खेळतात तेव्हा. म्हणून रिलेला (बटणाच्या छोट्या करंटनं मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) लागणारा करंट चावीनंतरच्या वायरवरून घ्या, चावी बंद तर बटण बंद. पण सीटखालच्या सेफ्टी स्विचच्या वायरीतून काही घेऊ नका, त्या स्विचला फक्त माणूस सीटवर आहे का ते बघू द्या.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज जॅकजवळ लावून उपयोग नाही, वायर मधेच घासून अर्थ झाली तर तो काय करणार. तिथून २.५ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर. जाऊन-येऊन पाच मीटर वायर धरली तर दहा अँपिअरला पाव-अर्धा व्होल्टच्या मधे कुठेतरी पडतो. एक चौरसची घातलीत तर ०.८६ व्होल्ट जातात आणि जॅक सुस्तावतो. मग लोक जॅकला शिव्या देतात.

मोटर दोन्ही दिशांना फिरवायला हेडलाइटचे पाच पिनांचे दोन रिले घ्या. दोघांच्या ३० नंबरवर जॅकच्या दोन वायरी, एकेक. ८७ वर फ्यूजमधून आलेला प्लस. ८७ए वर अर्थ. ८५ अर्थला. ८६ वर बटणाची वायर, एका रिलेला वरची, दुसऱ्याला खालची. काहीच दाबलेलं नसतं तेव्हा जॅकच्या दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे बटण सोडल्यावर मोटर घरंगळत नाही, जागच्या जागी थांबते. बटण मात्र बोट काढलं की आपोआप मधे येणारं हवं. खोलीतल्या दिव्याच्या बटणासारखं, दाबलं की तिथेच राहणारं, कधीच लावू नका. आणि ते डाव्या हाताला लावा. तुमचा उजवा खांदा हेच तर या सगळ्याचं कारण.

पावसाबद्दल. गोव्यात चार महिन्यांत ३००० मि.मी.च्या आसपास पडतो, आणि जॅकवर "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असतं. डब्यावरचा आयपी आकडा बघा, धूळ-पाणी किती अडवतो ते सांगणारा. ५४ म्हणजे उडणारे शिंतोडे, ६५ म्हणजे पाइपनं मारलेलं पाणी. ६५ पेक्षा कमी घेऊ नका. पण खरा घोटाळा वेगळाच असतो. काम करून मोटर तापते, वरून सर येते, ती झटक्यात थंड होते. आतली हवा आक्रसते आणि रॉडच्या सीलवर साचलेलं पाणी आत ओढून घेते. रॉड वर तोंड करून लावलेला माझा एक जॅक एका पावसाळ्यात गेला. उघडला तर आत गंजाचा चहा. त्यानंतर मी रॉड नेहमी खाली तोंडाचा लावतो, म्हणजे सीलवर पाणी थांबतच नाही. वायर जॅकमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळून जातो. रिले सीटखाली, पिना खाली करून. ट्रॅक्टर धुताना प्रेशरचा पाइप जॅकच्या सीलवर धरू नका.

वाटेवरून ब्लेड उचलून जाताना प्रत्येक खड्ड्याचा हिसका स्क्रूच्या आट्यांवर बसतो. म्हणून चौकटीला एक हुक आणि साखळीचे चार दुवे लावा. लांब जायचं असलं की ब्लेड वर घ्या, साखळी अडकवा आणि बटण किंचित खाली दाबून भार साखळीवर सोडा. ब्लेडखाली हात घालून काही करायचं असेल तेव्हाही भार जॅकवर ठेवून घालू नका. साखळी, आणि खाली माडाचा ओंडका.

गवत कापायचा डेक लावणार असाल तर हाच जॅक चालेल, पण डेकला खाली दाब कधीच द्यायचा नसतो. तिथे गालांऐवजी साखळीचा तुकडा लावा. जॅक ओढेल तेव्हा वर, सोडेल तेव्हा डेक स्वतःच्या चाकांवर मोकळा. त्यासाठी पट्टी पिवटच्या वरच्या बाजूला लागेल, कारण साखळीनं ढकलता येत नाही. डेक वर घेण्याआधी पाती बंद करायची सवय हातालाच असू द्या.

खर्चाचं एका वाक्यात: जॅक हाच मोठा भाग, बाकी लोखंड, रिले, वायर आणि वेल्डरची मजुरी मिळून साधारण तेवढेच आणखी. स्वस्तातला स्वस्त जॅक आणि महागातला महाग, दोन्ही मी टाळतो.

आता तो कापून ठेवलेला दांडा. फ्यूज उडाला, वायर तुटली, आणि ब्लेड खाली रुतलेलं असताना तुम्ही कुळागराच्या तळाशी आहात. जॅकचा रॉड हातानं सरकत नाही. अशा वेळी पट्टीची पिन काढायची, पाइप खुंटावर चढवायचा, दोन्ही हातांनी ब्लेड उचलायचं, साखळी अडकवायची आणि घरी यायचं. म्हणून ती पिन हातानं निघणारी घ्या, कडीच्या क्लिपवाली, आणि सीटवरून वाकून हात पोचेल अशा बाजूनं घाला. माझ्या पहिल्या दोन ट्रॅक्टरांवर ती आतल्या बाजूनं होती, आणि ती काढायला चिखलात पालथं पडावं लागायचं.

काट्याचे तीन आकडे, मुठीपासून पिवटचं अंतर आणि दांडा किती अंश फिरतो, एवढं मला कळवा. दांडा फिरण्याचं माप नसेल तर मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ किती सें.मी. जाते ते मोजलंत तरी चालेल, अंश मी काढीन. जॅकची ऑर्डर त्यानंतर द्या.